भाषाकालमापन

एकाच मूळ भाषेपासून निघालेल्या दोन किंवा अधिक भाषा परस्परांपासून केव्हा अलग झाल्या, याचा अंदाज त्यांच्या आजच्या शब्दसंग्रहावरून बांधण्याची पद्धती. भाषांमधील समान शब्दांचे प्रमाण काढणे हा या पद्धतीचा पहिला भाग असून त्याला शब्दसांख्यिकी म्हणतात. त्या प्रमाणावरून वर्षांची संख्या काढणे हा दुसरा भाग, म्हणजे खरे कालमापन होय. पहिला भाग बहुतेक अभ्यासकांना मान्य आहे. दुसऱ्याबद्दल मात्र आरंभापासून वाद आहे.

भाषेचा जन्म एखाद्या दिवशी होत नाही. एका समाजाचे दोन गट स्थलांतरामुळे, राजकीय सीमांमुळे किंवा व्यवहार तुटल्यामुळे दुरावले, की प्रत्येक गटाच्या बोलीत होणारे बदल दुसऱ्या गटापर्यंत पोहोचत नाहीत. काही पिढ्यांनंतर हे बदल इतके साचतात, की परस्परांचे बोलणे समजेनासे होते. तेव्हा कालमापनाने जे मोजावयाचे, ते भाषेचे वय नसून भाषिक समाजांच्या वियोगाचा काळ होय. हा भेद लक्षात न घेतल्यामुळे या विषयासंबंधीचे पुष्कळसे गैरसमज निर्माण झालेले आहेत.

ऐतिहासिक पार्श्वभूमी. एकोणिसाव्या शतकात तौलनिक भाषाशास्त्राने ध्वनिपरिवर्तनाचे नियम शोधून भाषाकुलांची मांडणी केली. आउगुस्ट श्लायखर याने ही मांडणी वंशवृक्षाच्या रूपाने दाखविली. पण वृक्षाची कोणती फांदी कोणत्या फांदीच्या आधी फुटली, एवढेच या पद्धतीने सांगता येई. केव्हा फुटली, हे सांगता येत नसे. फ्रेंच दर्यावर्दी द्यूमाँ द्यूर्व्हील याने १८३४ मध्ये पॅसिफिकमधील भाषांच्या निवडक शब्दांची तुलना करून त्यांच्या जवळिकीला अंक दिले होते. तथापि त्यातून काळ काढण्याचा प्रयत्न झाला नाही.

हा प्रयत्न अमेरिकन भाषाशास्त्रज्ञ मॉरिस स्वॉडेश (१९०९–६७) याने १९५० च्या सुमारास केला. त्याच्यापुढे अमेरिकेतील आदिवासींच्या भाषा होत्या. त्यांना लेखी परंपरा नव्हती, त्यामुळे इतिहास सांगणारा कोरीव लेख किंवा ग्रंथ मिळणे शक्य नव्हते. याच सुमारास विलर्ड लिबी याने कार्बन–१४ या किरणोत्सर्गी समस्थानिकाच्या ऱ्हासावरून प्राचीन अवशेषांचा काळ ठरविण्याची रीत शोधली होती. कार्बन–१४ चा ऱ्हास ठरावीक गतीने होतो. तसा भाषेतील मूलभूत शब्दांचा ऱ्हासही ठरावीक गतीने होत असेल, तर शब्दांनाही घड्याळाचे काम देता येईल, अशी स्वॉडेशची कल्पना होती.

तत्त्व व गणित. या पद्धतीची गृहीते चार आहेत : (१) प्रत्येक भाषेत संस्कृतीवर फारसा अवलंबून नसलेला, सहसा न बदलणारा असा मूलभूत शब्दसंग्रह असतो. सर्वनामे, शरीराचे अवयव, लहान संख्या, पाणी, अग्नी, सूर्य, खाणे, पिणे, मरणे यांसारख्या अर्थांचे शब्द त्यात येतात. (२) या संग्रहातील शब्द टिकून राहण्याचे प्रमाण सर्व काळी सारखे असते. (३) ते सर्व भाषांतही सारखेच असते. (४) म्हणून दोन भाषांतील समान शब्दांचे प्रमाण कळले, की त्यांच्या वियोगाचा काळ काढता येतो.

स्वॉडेशने प्रथम सु. २०० अर्थांची यादी वापरली. पुढे १९५५ मध्ये ती गाळून १०० अर्थांची केली. मोठ्या यादीतील काही अर्थ सार्वत्रिक नव्हते. उदा., हिम व बर्फ हे दोन वेगळे अर्थ तीत होते. परभणीसारख्या उष्ण प्रदेशात बोलल्या जाणाऱ्या मराठीत या दोन्हींसाठी रोजच्या व्यवहारात ‘बर्फ’ हा एकच शब्द आहे, आणि तोही फार्सीतून आलेला.

रॉबर्ट लीझ याने १९५३ मध्ये लेखी इतिहास असलेल्या तेरा भाषांची त्यांच्या जुन्या रूपांशी तुलना करून टिकण्याचे प्रमाण काढले. ते मोठ्या यादीसाठी हजार वर्षांत सरासरी सु. ८०·५ टक्के भरले. शंभर शब्दांच्या यादीसाठी ते ८६ टक्के मानण्यात येते. दोन भाषा अलग झाल्यावर प्रत्येकीत स्वतंत्रपणे शब्द गळत असल्याने हजार वर्षांनंतर दोहोंत समान राहणारे शब्द ८६ टक्क्यांचे ८६ टक्के, म्हणजे सु. ७४ टक्के असतील. दोन हजार वर्षांनंतर हे प्रमाण सु. ५५, तर तीन हजार वर्षांनंतर सु. ४० टक्के राहील. सूत्ररूपाने, समान शब्दांच्या प्रमाणाच्या लॉगॅरिथमाला टिकण्याच्या प्रमाणाच्या लॉगॅरिथमाच्या दुपटीने भागले असता हजार वर्षांच्या एककात वियोगकाल मिळतो.

या सूत्राची संवेदनक्षमता ध्यानात घेण्यासारखी आहे. शंभरांपैकी ८० शब्द समान असल्यास काळ सु. ७४० वर्षे येतो; ७९ असल्यास सु. ७८०. म्हणजे एका शब्दाच्या निर्णयाने सु. ४० वर्षांचा फरक पडतो. पाच शब्दांविषयी दोन्ही बाजूंनी संशय असला, तर हाच काळ ५४० ते ९५० वर्षांच्या दरम्यान कोठेही असू शकतो. जुन्या वियोगांच्या बाबतीत हा फरक आणखी वाढतो.

सजातीय शब्दांचा निर्णय. समान शब्द म्हणजे सारखे दिसणारे शब्द नव्हेत. एकाच मूळ रूपापासून नियमित ध्वनिपरिवर्तनाने आलेले शब्द, म्हणजेच सजातीय शब्द होत. मराठी ‘ऊ’ व हिंदी ‘जूँ’ यांत वरवर पाहता साम्य नाही. पण दोन्ही संस्कृत ‘यूका’ या रूपाशी निगडित आहेत. ‘मासा’ व ‘मछली’ हे दोन्ही ‘मत्स्य’पासून आले आहेत. याउलट ‘रक्त’ हा शब्द मराठीत संस्कृतातून जसाच्या तसा घेतलेला, म्हणजे तत्सम आहे. ग्रामीण बोलीतील ‘रगत’ हे त्याचेच बदललेले रूप होय. हिंदीतील ‘ख़ून’ फार्सी आहे. तेव्हा या एका अर्थाच्या बाबतीत दोन्ही भाषांनी वारशाने आलेला शब्द सोडून उसना शब्द घेतलेला दिसतो.

मराठी व हिंदी यांतील अवयववाचक शब्द पाहिले, तर ‘कान’, ‘नाक’, ‘दात’, ‘जीभ’, ‘हात’, ‘हाड’ यांचे सजातीय शब्द हिंदीत आहेत. ‘डोळा’, ‘तोंड’, ‘डोके’, ‘केस’, ‘मान’ यांच्या जागी मात्र हिंदीत ‘आँख’, ‘मुँह’, ‘सिर’, ‘बाल’, ‘गर्दन’ हे वेगळ्या मूळाचे शब्द येतात. येथे आणखी एक अडचण उभी राहते. मराठीत एकाच अर्थाला अनेकदा दोन शब्द असतात. ‘तांबडा’ हा जुना शब्द असून ‘लाल’ हा फार्सी आहे. दोन्ही प्रचारात आहेत. ‘सगळा’ हा तद्भव, तर ‘सर्व’ तत्सम. ‘पुष्कळ’च्या जोडीला फार्सी ‘खूब’पासून आलेला ‘खूप’ आहे. यादीत कोणता शब्द घ्यावयाचा, हे संशोधकाने ठरवावयाचे असते, आणि त्या निवडीनुसार शतकेच्या शतके इकडची तिकडे होतात.

भारतीय आर्य भाषांच्या बाबतीत संस्कृतचा प्रभाव ही विशेष अडचण होय. तत्सम शब्द न ओळखता मोजले, तर दूरच्या भाषाही जवळच्या वाटू लागतात. आर. एल. टर्नर यांच्या भारतीय आर्य भाषांच्या तौलनिक कोशामुळे (१९६२–६६) हा निर्णय पुष्कळच सुकर झाला आहे.

परभणी जिल्ह्यातील उदाहरणे. मराठवाड्यातील परभणी जिल्हा या पद्धतीच्या परीक्षणासाठी सोयीचा आहे. गोदावरी, पूर्णा व दुधना या नद्यांच्या या प्रदेशात मराठीबरोबर दखनी व बंजारा समाजाची गोरमाटी या भाषा शतकानुशतके शेजारी नांदत आल्या आहेत. तिन्ही भारतीय आर्य कुलातील आहेत. हा भाग १९४८ पर्यंत निजामाच्या हैदराबाद संस्थानात होता. १९५६ मध्ये तो द्वैभाषिक मुंबई राज्यात व १९६० मध्ये महाराष्ट्रात आला. १ मे १९९९ रोजी या जिल्ह्यातून हिंगोली जिल्हा वेगळा करण्यात आला.

दखनीच्या वियोगाचा काळ इतिहासावरून बराचसा निश्चित करता येतो. अलाउद्दीन खल्‌जीची देवगिरीवरील स्वारी १२९६ मध्ये झाली. १३२७ मध्ये मुहम्मद तुघलकाने राजधानी दौलताबादेस आणली आणि दिल्ली परिसरातील सैनिक, कारागीर, सूफी व व्यापारी मोठ्या संख्येने दक्षिणेत आले. १३४७ मध्ये बहमनी राज्य स्वतंत्र झाले व उत्तरेशी असलेला राजकीय संबंध तुटला. पंधराव्या शतकाच्या पूर्वार्धात बीदर येथे निजामी याने रचलेले कदमराव पदमराव हे काव्य दखनीच्या स्वतंत्र वाङ्‌मयाचा आरंभीचा नमुना होय.

या हिशेबाने वियोगास सु. ७०० वर्षे झाली. सूत्रानुसार दखनी व उत्तरेकडील हिंदी-उर्दू यांच्या शंभर शब्दांपैकी सु. १९ शब्द आज वेगळे असावयास हवेत. प्रत्यक्षात सर्वनामे, संख्या, अवयववाचक शब्द व सामान्य क्रियापदे जवळजवळ तीच आहेत. वेगळेपण आहे ते व्याकरणात व उच्चारात. ‘बाताँ’, ‘लोगाँ’, ‘आँखाँ’ अशी अनेकवचने, ‘मेरेकू’सारखी विभक्तिरूपे, निश्चयार्थी ‘-इच’ आणि निषेधार्थी ‘नक्को’ ही दखनीची ओळख. यांपैकी शेवटची दोन मराठीतून आली आहेत. पण शंभर शब्दांच्या यादीत विभक्ती, अनेकवचन किंवा निश्चयार्थक अव्यय यांना स्थान नाही. ‘नाही’ या अर्थाला आहे. परंतु ‘नक्को’ने मनाईचा अर्थ घेतला असून साध्या नकारासाठी ‘नै’ हा ‘नहीं’शी सजातीय शब्दच टिकून आहे. यादीच्या दृष्टीने म्हणून काहीच घडलेले नाही.

कारण उघड आहे. वियोग पूर्ण झालाच नाही. सतराव्या शतकाच्या अखेरीस मोगलांच्या स्वाऱ्यांनी उत्तर व दक्षिण पुन्हा जोडली गेली. हैदराबाद संस्थानात १८८४ पासून फार्सीच्या जागी उर्दू राजभाषा झाली आणि १९१८ मध्ये स्थापन झालेल्या उस्मानिया विद्यापीठाने उर्दूच्या माध्यमातून उच्च शिक्षण दिले. परभणीतील दखनी बोलणारे मूल शाळेत व कचेरीत उत्तरेकडील उर्दूच ऐकत होते. घड्याळ चालू असता कोणी तरी काटे मागे सरकवीत राहावे, तसा हा प्रकार आहे.

गोरमाटीचा इतिहास वेगळा आहे. बैलांच्या तांड्यांवरून धान्य व मीठ वाहणारे बंजारा सतराव्या शतकात मोगल सैन्यांना रसद पुरवीत दक्षिणेत मोठ्या प्रमाणावर आले, असे सामान्यतः मानले जाते. त्यांच्या भाषेतील ‘छ’ हे ‘असणे’ या अर्थाचे रूप राजस्थानीतील ‘छै’ व गुजरातीतील ‘छे’ यांच्याशी नाते सांगते. मराठीतील ‘आहे’शी नव्हे. ग्रिअर्सन यानेही भारतीय भाषांच्या पाहणीत तिचा संबंध राजस्थानी-गुजराती गटाशी जोडला. तांड्यात राहणाऱ्या या समाजाचा राजस्थानशी दैनंदिन संबंध उरला नाही आणि उत्तरेकडील प्रमाणभाषेचे शिक्षणही त्याला मिळाले नाही. शिवाय महाराष्ट्र, कर्नाटक, तेलंगण व आंध्र प्रदेश येथील गोरमाटी बोलणाऱ्यांवर अनुक्रमे मराठी, कन्नड व तेलुगू यांचा परिणाम झाला. वियोग खरोखरीच झालेला, पण शेजार प्रत्येक ठिकाणी निराळा, अशी ही परिस्थिती असल्याने उसनवारी व स्वाभाविक बदल यांतील भेद तपासण्यास गोरमाटी हे दखनीपेक्षा अधिक चांगले साधन आहे.

या प्रश्नाला व्यावहारिक बाजूही आहे. भारतीय जनगणनेत लमाणी किंवा लंबाडी तसेच बंजारी ही मातृभाषांची नावे हिंदीच्या गटात समाविष्ट केली जातात. परभणीतील तांड्यावरचे मूल घरी गोरमाटी व शाळेत मराठी शिकत असते. परंतु अधिकृत तक्त्यात त्याची मातृभाषा हिंदीत मिळविली जाते. कोणती भाषा कोणत्या शाखेतून केव्हा फुटली, हे ठरविणे म्हणजे केवळ विद्वानांचा खेळ नव्हे, हे यावरून दिसून येईल.

लेखी पुराव्याची कसोटी. कालमापनाचे निष्कर्ष तपासण्याचा खरा उपाय म्हणजे जुने लेख होत. मराठीच्या बाबतीत हा पुरावा समृद्ध आहे. उद्‌द्योतनसूरीच्या कुवलयमाला (शके ७००, इ. स. ७७९) या प्राकृत ग्रंथात निरनिराळ्या देशभाषा बोलणाऱ्या व्यापाऱ्यांत मरहट्टांचा उल्लेख येतो. रायगड जिल्ह्यातील अक्षी येथील शिलालेखाचा काळ शके ९३४ (इ. स. १०१२) असा वाचला जातो. तेराव्या शतकात महानुभाव पंथाचे गद्य व ज्ञानेश्वरी यांच्यामुळे भाषेचे सविस्तर चित्र मिळते. शं. गो. तुळपुळे यांनी संपादिलेले प्राचीन मराठी कोरीव लेख (१९६३) या पुराव्याच्या अभ्यासास मोलाचे ठरले आहेत.

तथापि जुना ग्रंथ म्हणजे जुनी भाषा, असे नेहमीच म्हणता येत नाही. परंपरेने नामदेवांचे (१२७०–१३५०) जन्मस्थान मानले जाणारे नर्सी हे गाव पूर्वीच्या परभणी, आताच्या हिंगोली जिल्ह्यात आहे. जनाबाईंचे गंगाखेड परभणी जिल्ह्यातच आहे. या संतांचे अभंग शतकानुशतके गाइले गेले. गाताना व उतरून घेताना प्रत्येक पिढीने कळत-नकळत ते आपल्या भाषेत आणले. जे लोकांच्या ओठांवर जिवंत राहिले, त्याची भाषा लोकांबरोबर बदलली. म्हणून आज उपलब्ध असलेल्या गाथेवरून चौदाव्या शतकातील शब्दांचे प्रमाण काढणे धोक्याचे आहे. याउलट महानुभावांनी आपले ग्रंथ सकळ यांसारख्या सांकेतिक लिप्यांत लिहून मोजक्या लोकांत राखले. त्यामुळे त्यांची जुनी रूपे अधिक शाबूत राहिली. नामदेवांच्या नावावरील ६१ पदे १६०४ मध्ये सिद्ध झालेल्या शिखांच्या आदिग्रंथात आहेत. त्या पदांचा पाठ तेव्हापासून स्थिर झाला. भाषेचा काळ ठरविताना ग्रंथकर्त्याच्या काळाइतकाच पाठ स्थिर झाल्याचा काळ महत्त्वाचा आहे.

मराठी व कोकणी. या दोन भाषांचा संबंध हा महाराष्ट्र व गोवा यांतील दीर्घ वादाचा विषय आहे. झ्यूल ब्लॉक यांनी १९२० मध्ये प्रसिद्ध केलेल्या मराठीच्या घडणीवरील ग्रंथाने आणि सुमित्र मंगेश कत्रे यांच्या कोकणीच्या घडणीवरील विवेचनाने त्याचा शास्त्रीय पाया घातला. साहित्य अकादेमीने १९७५ मध्ये कोकणीला स्वतंत्र साहित्यिक भाषा म्हणून मान्यता दिली. १९८७ मध्ये ती गोव्याची राजभाषा झाली आणि १९९२ मध्ये संविधानाच्या आठव्या अनुसूचीत तिचा समावेश झाला.

यादीच्या दृष्टीने पाहता ‘डोळा’–‘दोळो’, ‘तोंड’, ‘केस’, ‘झाड’, ‘पान’ यांत दोन्ही भाषा एकत्र असून हिंदीहून वेगळ्या आहेत. उलट ‘मी’–‘हांव’, ‘पाणी’–‘उदक’, ‘कुत्रा’–‘सुणें’, ‘पाखरू’–‘सवणें’, ‘अंडे’–‘तांतीं’, ‘दगड’–‘फातर’ यांत त्या परस्परांहून भिन्न आहेत. पण या यादीकडे बारकाईने पाहिल्यास वेगळेच चित्र दिसते. ‘सुणे’ हा शब्द प्राचीन मराठीत आढळतो. ‘उदक’ मराठीला अपरिचित नाही. ‘फातर’चा सजातीय ‘पाथर’ हा मराठीत ‘पाथरवट’ या शब्दात टिकून आहे. आणि तो हिंदी ‘पत्थर’शीही सजातीय आहे. म्हणजे या अर्थांपैकी काहींत कोकणीने नवे शब्द घेतलेले नसून मराठीने जुने शब्द मागे टाकले आहेत. केवळ शेकडेवारी पाहणाऱ्याला ‘फातर’ व ‘पत्थर’ यांच्या साम्यामुळे कोकणी हिंदीच्या जवळची वाटेल. वास्तविक जुने शब्द दोन्हीकडे टिकून राहणे हा निकट नात्याचा पुरावा नाही. एकत्र असताना दोहोंनी मिळून केलेला नवा बदल हाच तसा पुरावा होय. शब्दसांख्यिकी या दोहोंत फरक करीत नाही, हा तिचा मूलभूत दोष आहे.

आक्षेप. १९६२ मध्ये नूट बेर्गस्लंड व हान्स फोक्ट या नॉर्वेजियन अभ्यासकांनी या पद्धतीवर निर्णायक टीका केली. प्राचीन नॉर्स भाषेपासून निघालेल्या आइसलँडिक भाषेने सु. हजार वर्षांत मूलभूत शब्दांपैकी ९५ टक्क्यांहून अधिक राखले, तर त्याच मूळाच्या नॉर्वेजियन प्रमाणभाषेने सु. ८० टक्केच राखले, असे त्यांनी दाखवून दिले. एकाच आईच्या दोन मुलींत जर एवढा फरक, तर सर्व भाषांना एकच गती लावणे कितपत योग्य, हा प्रश्न यातून निर्माण झाला. लीझच्या तेरा भाषांपैकी अकरा इंडो-यूरोपियन होत्या व त्यांपैकी सहा लॅटिनपासून निघालेल्या होत्या. भारतातील एकही नव्हती. तेव्हा त्याने काढलेला दर सार्वत्रिक म्हणण्यास आधार तोकडा होता.

दुसरा आक्षेप वंशवृक्षाच्या कल्पनेविषयी आहे. योहानेस श्मिट याने १८७२ मध्येच दाखविले होते, की भाषिक बदल पाण्यावरील लाटांप्रमाणे केंद्रापासून पसरतात व परस्परांना छेदतात. भारतीय आर्य भाषा ही अशीच एक बोलीमालिका आहे. अशोकाच्या लेखांत (इ. स. पू. तिसरे शतक) गिरनार येथे ‘राजा’, तर धौली व जौगड येथे ‘लाजा’ अशी रूपे आढळतात, म्हणजे प्रादेशिक भेद तेव्हाही होते आणि परस्परसंपर्कही होता. अशा प्रदेशात ‘वियोगाचे वर्ष’ ही कल्पनाच पुसट होते.

तिसरा आक्षेप संपर्कातून होणाऱ्या एकीकरणाचा आहे. जॉन गंपर्झ व रॉबर्ट विल्सन यांनी १९७१ मध्ये सांगली जिल्ह्यातील कुपवाड येथील मराठी, उर्दू व कन्नड या भाषांचा अभ्यास प्रसिद्ध केला. तेथे या भाषांचे शब्द वेगळे राहिले. पण वाक्यरचना इतकी सारखी झाली, की एका भाषेतील वाक्याचे शब्दशः दुसरीत रूपांतर करता येते, असे त्यांना आढळले. फ्रँक्लिन साउथवर्थ यांनी याच वर्षी मराठीच्या घडणीतच द्राविड भाषकांचा मोठा वाटा असावा, असा विचार मांडला. एकाहून अधिक कुलांच्या संगमातून घडलेल्या भाषेचा इतिहास एका संख्येत बसविता येत नाही.

नव्या पद्धती. या टीकेनंतर मूळ स्वरूपातील भाषाकालमापन मागे पडले. शब्दसांख्यिकी मात्र टिकून राहिली. इझिडोर डायन, जोसेफ क्रुस्कल व पॉल ब्लॅक यांनी १९९२ मध्ये ९५ इंडो-यूरोपियन भाषारूपांच्या २०० शब्दांच्या याद्या सजातीयतेच्या निर्णयांसह प्रसिद्ध केल्या. त्यांत मराठीही आहे. सेर्गेई स्टारोस्टिन यांनी उसने शब्द गाळून आणि शब्दागणिक टिकाऊपणा वेगळा धरून सूत्रात सुधारणा सुचविली.

एकविसाव्या शतकात जीवशास्त्रातील वंशावळी ठरविण्याच्या गणिती पद्धती भाषांना लावण्यात आल्या. यांत शेकडेवारीऐवजी प्रत्येक सजातीय शब्दसमूहाचा स्वतंत्र विचार होतो. निरनिराळ्या शाखांना निरनिराळी गती असू दिली जाते. लेखी पुराव्याने निश्चित झालेले काळ गणनेत आधारबिंदू म्हणून घातले जातात. आणि उत्तर एका वर्षात न देता संभाव्यतेच्या मर्यादांत दिले जाते. रसेल ग्रे व क्वेंटिन अ‍ॅटकिन्सन यांनी २००३ मध्ये इंडो-यूरोपियन मूळ भाषेच्या विभाजनास ७,८०० ते ९,८०० वर्षे झाली, असा निष्कर्ष काढला. २०१५ मध्ये विल चँग व सहकाऱ्यांनी लॅटिनसारख्या काही प्राचीन भाषा आजच्या भाषांच्या प्रत्यक्ष पूर्वज आहेत, ही अट घालून तसल्याच सामग्रीवरून सु. ६,५०० वर्षांचा काळ काढला. २०२३ मध्ये पॉल हेगर्टी व सहकाऱ्यांनी १६१ भाषांच्या नव्या सामग्रीवरून तो सु. ८,१०० वर्षे ठरविला. द्राविड कुलासाठी विष्णुप्रिया कोलिपाकम व सहकाऱ्यांनी २०१८ मध्ये सु. ४,५०० वर्षांचा अंदाज दिला. सामग्री सारखी असूनही गृहीतांनुसार उत्तर हजारो वर्षांनी बदलते, हे या निष्कर्षांवरून दिसते. यंत्राची गणनाशक्ती वाढली, तरी शब्द निवडण्याचे व त्यांचे मूळ ठरविण्याचे काम भाषाशास्त्रज्ञाचेच राहते.

उपयुक्तता व मर्यादा. लेखी इतिहास नसलेल्या भाषांच्या बाबतीत कोणती फांदी आधी व कोणती नंतर फुटली, याचा प्राथमिक अंदाज देणे, पुरातत्त्व व स्थलांतराच्या इतिहासाशी तो ताडून पाहणे आणि तपशीलवार तुलनेची दिशा दाखविणे, हे कार्य ही पद्धती करू शकते. परंतु तिच्या उत्तरावरून कोणत्याही भाषेची प्रतिष्ठा ठरत नाही. केंद्र शासनाने ३ ऑक्टोबर २०२४ रोजी मराठीला अभिजात भाषेचा दर्जा दिला. २०१२ मध्ये राज्य शासनाने नेमलेल्या रंगनाथ पठारे समितीने त्यासाठी मांडलेला आधार महाराष्ट्री प्राकृतापासून चालत आलेल्या लेखी व वाङ्‌मयीन परंपरेचा होता; वियोगकालाच्या गणिताचा नव्हता. त्याचप्रमाणे दोन भाषारूपांचा वियोग अलीकडचा ठरला, म्हणून त्यांपैकी एक बोली व दुसरी भाषा, असे सिद्ध होत नाही. भाषा कोणती व बोली कोणती, हा निर्णय तिच्या समाजाच्या व्यवहारावर, लेखनपरंपरेवर व स्वत्वाच्या जाणिवेवर अवलंबून असतो.

भाषिक काळाची खरी मोजणी करावयाची, तर प्रथम सामग्री हवी. लेखी परंपरा नसलेल्या गोरमाटीसारख्या भाषांचे शब्द तांड्यांतील वृद्धांच्या तोंडून, स्थळ व वर्ष यांच्या नोंदीसह उतरून घेतले गेले, तरच पुढील अभ्यासकाला तुलनेसाठी निश्चित आधारबिंदू मिळेल. अक्षीच्या शिळेवर मराठीच्या बाबतीत जे काम एका कोरक्याच्या छिन्नीने केले, ते या भाषांच्या बाबतीत आजच्या नोंदींनीच करावयाचे आहे.